डोळे शेवटी

पेंटरकाकांचा सदरा समोरून पांढराशुभ्र आणि मागून रंगांनी बरबटलेला असे. चित्र काढायला बसण्याआधी ते सदरा काढून उलटा घालत. बटणं पाठीवर येत, मग त्या घरात जी कुणी बाईमाणूस जवळ असेल तिला म्हणत, "माय, मांगून दोन बटना लावून दे वो." काम आटोपलं की सदरा पुन्हा सुलटा. सायकलवरून समोरून येताना पाहिलं तर वाटावं, झेडपीचे मास्तर आले. पुढे गेले की पाठ दिसे आणि गैरसमज दूर होई. मी एकदा विचारलं, की कामासाठी एखादा जुना सदरा वेगळा का नाही ठेवत? तर म्हणाले, "ज्याच्या घरी मानूस मेलं त्याच्या घरी समोरून तरी धड जावं लागते, बाई. पाठ कोन पाह्यते?"

ते फिरते पेंटर होते. मेलेल्या माणसांचे फोटो काढायचे. आमच्याकडे रंगवलेल्या चित्रालाही फोटोच म्हणतात, आणि कॅमेरा ज्यांच्या वाटेला गेला नाही अशांचेच फोटो काकांना काढावे लागत. लाखनीला हायवेच्या कडेला एका पंक्चरवाल्याच्या दुकानामागे त्यांची खोली होती. तिथून ते इकडे भंडाऱ्यापर्यंत आणि तिकडे साकोली, देवरीपर्यंत सायकल मारत. कॅरियरवर पत्र्याचा डबा, त्यात रंग, ब्रश आणि टर्पेंटाईनची बाटली. सायकलच्या दांडीला हार्डबोर्डाचे तुकडे बांधलेले. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा लोक कचेऱ्या कुठे जाणार, बदल्या कुठे होणार याच्या चर्चा करत होते. काका म्हणाले, "माहे अर्धे मुर्दे तिकडे गेले."

कुणाच्या घरचं कोण गेलं ही बातमी त्यांना न्हाव्यांकडून कळे, कारण दहाव्याला डोकी भादरायला माणसं तिथंच बसत. आम्ही बौद्ध. आमच्यात डोकी भादरत नाहीत, म्हणून आमच्या घरची बातमी त्यांना जरा उशिराच लागली. तीही माझ्या मामानं दिली. मामा लाखनीच्या धानगोदामावर हमाल होता.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. पंक्चरवाल्यानं मला फोन करेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी शाळेत होते, मुलांचं शुद्धलेखन तपासत होते, आणि फोन ठेवल्यावरही तपासतच राहिले. मला रडू आलं नाही, लाज मात्र वाटली. ती कशाची ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

त्यांचं मूळ घराणं विणकरांचं. बाप मागावर बसणारा. त्यामुळे लुगड्याचे काठ ते असे काढत की बायका जवळ येऊन बोट लावून पाहत. "काठ चुकला त बाई चुकली," हे त्यांचं एक म्हणणं. दुसरं म्हणणं याहून प्रसिद्ध होतं. लोक हमखास सांगत, आमच्या बुढीला थोडी गोरी करा, आणि गळ्यात काहीतरी घाला. काका सरळ सांगत, "सोनं देतो, रंग नाही देत." सोन्याला ते कधी नाही म्हणाले नाहीत. जन्मभर काळ्या पोतीवर दिवस काढलेल्या कितीतरी बायकांना त्यांनी हार्डबोर्डावर सोन्याची चपलाकंठी घातली. गोरं मात्र कुणालाच केलं नाही, पाटलाच्या आईलासुद्धा नाही, आणि त्यापायी ते काम हातचं गेलं.

काम करताना ते मेलेल्यांना रागवत. "हालू नका जी, मावशी. जित्तेपनी एका जागी बसल्या नाही, आता तरी बसा." घरचे आधी दचकत, मग हसत, आणि हसता हसता कुणीतरी रडायला लागे. रडणं सुरू झालं की काका ब्रश खाली ठेवून गप्प बसत. कुणी किती वेळ रडावं याची त्यांना कधी घाई नसे.

आणि त्यांचा नियम होता, डोळे शेवटी. कपाळ, नाक, ओठ, केस, पदर, सगळं पुरं करायचं आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवायच्या. मग घरातल्या माणसांना समोर बसवायचं. ज्यानं त्या माणसासोबत सगळ्यात जास्त दिवस काढले त्यानं "हो" म्हणायचं. म्हटलं तर डोळे. नाही म्हटलं तर टर्पेंटाईनचा बोळा घेऊन तोंड पुसून टाकायचं, सगळ्यांच्या देखत, आणि पुन्हा सुरुवात. "हो" मिळेपर्यंत ते त्या घरचं जेवत नसत, चहासुद्धा बाहेर टपरीवर पीत. सही तर त्यांनी एकाही चित्रावर केली नाही. म्हणत, "दुसऱ्याच्या मायच्या फोटोवर आपलं नाव कायले?"

माझी आई तापानं दोन दिवसांत गेली. धानाच्या रोवण्याचे दिवस होते, ती दुसऱ्याच्या शेतात, बांधीतल्या चिखलात उभी होती, तिथून घरी आली ती झोपली. मी वीस वर्षांची, डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला. आम्ही कारध्याला राहत होतो, अजूनही मी तिथंच राहते. बाबा रोज सायकलनं वैनगंगेचा पूल ओलांडून वरठीला पोलादाच्या कारखान्यात जात. आईचा एकही फोटो घरात नव्हता. एक मतदानाचं कार्ड होतं, त्यावर नाव तिचं आणि फोटो कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचा छापून आला होता. आई त्या कार्डावर दोनदा मत देऊन आली होती आणि दोन्ही वेळा हसत घरी आली होती. "ते बाई जाते वोट टाकाले, मी त तिच्या संगं जातो," असं म्हणायची.

काका आले ते पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर आठवड्याभरानं. फोटो नाही म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, जशी काही हीच गोष्ट ऐकायला आले होते. म्हणाले, "चालन. चेहरा घरातच रायते. एकाजवळ थोडा, दुसऱ्याजवळ थोडा." कपाळ माझं घेतलं. नाकासाठी मामाला बोलावलं. मामाला मोठ्या मिशा होत्या. काकांनी आईचं लुगडं त्याच्या डोक्यावरून पदर करून घेतलं आणि मिशांवर पोस्टकार्ड धरायला लावलं. तो दीडशे पोती उचलणारा माणूस पदर घेऊन खाली मान घालून बसला होता. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून खुसखुसत होत्या आणि काका त्याला रागवत होते, "हालू नका जी, बाई!" आईच्या मरणानंतर आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं ते त्या दिवशी.

पण काका चेहऱ्याबद्दल फारसं विचारतच नसत. "नाक कसं होतं" म्हटलं की मानूस आपल्या मनचं सांगते, असं त्यांचं मत. ते विचारत ते वेगळंच. सुपानं पाखडताना ओठ दाबून धरे का उघडे ठेवे? रागवली की तुमच्याकडं पाहून बोले का चुलीकडं पाहून? दुरून कोणी येताना दिसलं तर डोळे बारीक करे का? हे प्रश्न ते बाबांना विचारत. माझे बाबा दिवसभरात दहा वाक्यं बोलणारे. पण या प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली. ओठ दाबे, म्हणाले, आणि कोंडा उडाला की एक डोळा मिटे. रागवली की चुलीशीच बोले, मी आपला ऐकत राहे. मला आईबद्दल जे काही ठाऊक आहे, त्यातलं निम्मं त्या दोन-तीन दुपारी कळलं. बाबा त्यानंतर तिच्याबद्दल असं कधीच बोलले नाहीत.

पहिलं चित्र झालं. डोळ्यांच्या जागा कोऱ्या. बाबा समोर बसले, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "नाही. अशी नव्हती."

"मंग कशी होती?"

"अशी नव्हती."

काकांनी बोळा घेतला आणि पुसलं. आधी ओठ गेले, मग नाक. तपकिरी-गुलाबी चिखल झाला. मी आत जाऊन चुलीपुढे बसले.

आठ दिवसांनी दुसरं झालं. बाबा पुन्हा "नाही" म्हणाले. काकांनी पुन्हा पुसलं. न चिडता, न कंटाळता, ताट घासावं तसं. मला मात्र ते सोसवेना. तुम्ही म्हणाल, रंगच तर पुसत होते. पण कोऱ्या डोळ्यांची का होईना, माझंच कपाळ असलेली एक बाई आठ दिवस घरात भिंतीला टेकून उभी राहायची, मी तिच्यासमोर जेवायचे, आणि मग तिचं तोंड माझ्यासमोर पुसलं जायचं. मला वाटायचं, आई आता दर आठवड्याला मरणार आहे.

तिसऱ्या वेळी चित्र पुरं झालं तेव्हा बाबा ड्युटीवर होते. काका म्हणाले, थांबतो, बाबू येऊ दे. बाबांना ते बाबू म्हणत. मी पाहिलं. खूप जवळ आलं होतं. पण नव्हती. काय चुकलं होतं हे मला त्या क्षणी नक्की माहीत होतं, बोट ठेवून दाखवता आलं असतं. ते मी दाखवलं नाही. मी म्हटलं, "थांबू नका काका. हीच हाये."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पक्की?"

"पक्की."

मी घरातली दुसरीच, सगळ्यात जास्त दिवस तिच्यासोबत काढलेले बाबा. नियम काकांनाही ठाऊक होता. पण माणूस दमतो, आणि त्यांना "हो" हवं होतं. त्यांनी डोळे काढले. दोन्ही डोळे होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत होते. मग हात धुतले आणि म्हणाले, "वाढ बाई आता, भूक लागली." भात आणि तुरीचं वरण होतं. पोटभर जेवले. जेवताना दोनदा भिंतीकडे पाहून हसले.

बाबा संध्याकाळी आले. सायकल लावली, आत आले, पाहिलं. काकांना हात जोडले, चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवून आले. मग मला म्हणाले, "बाई चांगली हाये. कोनाची हाये मालूम नाही." एवढंच. काहून खोटं बोलली असं त्यांनी मला विचारलं नाही. बुद्धाच्या तसबिरीखाली खिळा ठोकला, चित्र टांगलं, आणि त्या दिवसापासून जेवायला बसताना भिंतीकडे पाठ करून बसू लागले.

काकांसाठी मात्र ते चित्र त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम ठरलं. ज्या घरी जातील तिथं सांगत, "कारध्याची एक बाई मी न पाह्यता काढली. फोटो नाही, काही नाही. नाक भावाचं, कपाळ पोरीचं. तिसऱ्या टायमाले घरानं ओळखली." माझ्या शाळेतल्या एका बाईंनी ही गोष्ट मला सांगितली. त्यांना ती साकोलीच्या मावशीकडून कळली होती. मी ऐकून घेतली, जशी कुणा परक्याची गोष्ट ऐकावी.

पुढे जे व्हायचं ते झालं. प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला, चौकाचौकात फ्लेक्सची दुकानं आली. कॉम्प्युटरवाला एका तासात माणसाला कोट घालून, मागे हिमालय लावून देतो, आणि मागितला तर गोरा रंगही देतो. काकांना कुणी बोलवेना. ते पंक्चरवाल्याकडे ट्रकच्या मागे नंबर रंगवू लागले, मग डोळ्यांवर पडदा आला आणि तेही सुटलं. कुणीतरी त्यांना सांगितलं, म्हाताऱ्या कलावंतांना सरकारी मानधन मिळतं, अर्ज करा. अर्जाला पुरावे हवे होते. काय काढलं, कुणाकडे आहे, दाखवा. त्यातही कुणीतरी सांगितलं, की पुरावे याच जिल्ह्यातले हवेत. सही तर कुठेच नव्हती.

एका रविवारी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून निघाले. लाखनीच्या आसपासची पाच-सहा गावं फिरलो. पहिल्या घरी सून म्हणाली, बुढ्याचा नवा फोटो केला जी, तो जुना वाळवी लागून गेला. दुसऱ्या घरी चित्र सापडलं. न्हाणीच्या खिडकीला लावलं होतं, पाऊस येऊ नये म्हणून, तोंड बाहेरच्या बाजूला. तिसऱ्या ठिकाणी धानाच्या कोठीवर झाकण होतं. काकांनी झाकण उचललं, उलटं केलं, फुंकर मारून भुसा उडवला. खाली एक म्हातारी बाई होती, चपलाकंठी घातलेली. त्यांनी तिच्या लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि झाकण होतं तसं ठेवून दिलं. घरमालक ओशाळून म्हणाला, "घेऊन जा ना पेंटरबुवा, आमाले दुसरं झाकन भेटते." काका म्हणाले, "राहू द्या. धान उघडं पडन."

परतीच्या वाटेवर त्यांचं डोकं माझ्या पाठीला टेकलं. मला वाटलं झोप लागली की काय, म्हणून मी गाडी थांबवली. जागे होते. म्हणाले, "तुह्या घरची हाये ना पन. ते एक हाये." मी गाडी सुरू केली.

बाबा गेले ते काकांच्या आधीच्या हिवाळ्यात. मामा त्याच्या आधीच गेला होता. पाचव्या दिवशी काका एसटीनं आले, सायकल आता चालवता येत नव्हती. बाबांचा फोटो मी मोबाइलमधून मोठा करून आणला होता, कॉम्प्युटरवाल्यानं न सांगताच त्यांना निळा कोट घातला होता. काका त्याच्यासमोर बराच वेळ डोळे किलकिले करून उभे राहिले आणि म्हणाले, "मुंडकं बाबूचं हाये. मान कोनाची हाये?" मग बसले. पाणी प्यायले. पिशवीतून अर्ज काढला.

एका प्रतिष्ठित माणसाचा दाखला लागत होता. मजकूर त्यांनी कुणाकडून तरी लिहवून आणला होता, की सदर चित्र माझ्या दिवंगत आईचे हुबेहूब चित्र असून ते या कलावंताने केवळ घरच्यांच्या आठवणीवरून काढले आहे. खाली सही, हुद्दा, शाळेचा शिक्का. चित्राचा फोटो सोबत जोडायचा. मी आता शाळेची मुख्याध्यापिका, वर्षाला शंभर दाखल्यांवर सह्या करते, अर्धे तर न वाचता. पेन उघडलं. हुबेहूब या शब्दाशी येऊन थांबले.

"काय झालं? चष्मा देऊ का?"

"काका, मी तवा खोटं बोलली."

"कवा?"

"तुमी विचारलं होतं, पक्की? मी हो म्हटलं. ते आई नव्हती."

हे मी का सांगितलं, मला अजून कळत नाही. सही केली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं? त्यांना शेवटचे चार महिने औषधपाणी मिळालं असतं. मी एकदा खोटं बोलले ते माझ्या सोयीसाठी, आणि खरं बोलले तेही माझ्याच सोयीसाठी. बाबा गेल्यावर हे ओझं मला एकटीला उचलवेना, म्हणून मी ते एका आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चित्राकडे पाहत म्हणाले, "बाबूनं मले चहा पाजला होता."

"बाबा समजून होते."

"अठरा साल मी सांगत फिरलो, बाई. जेथी गेलो तेथी." त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती. एकाएकी त्यांनी माझ्या समोरचा अर्ज ओढून घेतला, उलटा केला, कोरी बाजू वर. खिशातून पेन्सिल काढली, ब्लेडनं टोक केलं. टोक चांगलं झालं.

"बरं," म्हणाले. "आता सांग. बाबू नाही, मामा नाही, तू हायेस. कुठी चुकलं होतं? नाक?"

"नाक नाही."

"मंग ओठ?"

"ओठच. वाटते."

"वाटते नोको. वरचा का खालचा? पाह्य, घाई नाही."

मी डोळे मिटले. मला आई दिसली. अंगणात बसली होती, पुढ्यात सूप, पायाशी कोंडा. हात दिसले, हिरव्या बांगड्या दिसल्या, टाचेच्या भेगासुद्धा दिसल्या. मग मी वर पाहिलं. चेहरा हार्डबोर्डावरचा होता. मी ती बाई बाजूला सारली आणि पुन्हा पाहिलं. चुलीपुढची आई, पाणी आणणारी आई, मतदान करून हसत येणारी आई. सगळीकडे तीच बाई आली, काकांनी काढलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत. काय चुकलं होतं हे मला एकदा ठाऊक होतं, एवढंच मला आठवत होतं. मी मोठ्यानं म्हणाले, "मले येऊन नाही राहिलं, काका."

"पाह्य ना. मी हावो."

मी पुन्हा पाहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. बाहेर पुलावरून ट्रक जात होते. डोळे उघडले तेव्हा पेन्सिल कागदाला टेकलेली होती आणि ते माझ्याकडे पाहत होते.

"नाही येत," मी म्हणाले.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. लाकडाचा कीस टेबलावरून तळहातावर गोळा केला आणि बाहेर नेऊन टाकला. आत येऊन म्हणाले, "मंग आता तो चेहरा कोनापाशीच नाही." आणि पिशवी उचलून बस थांब्याकडे निघाले. मी हाक मारली, अर्ज राहिला म्हणून. त्यांनी मागं न पाहता हात हलवला.